सातव्या चित्रातली कड

मी आयुष्यभर छापखान्यात यंत्रं दुरुस्त केली, त्यामुळे बिघडलेल्या वस्तूपुढे हात टेकायची मला सवय नाही. दोन दिवस घरात काही बिघडलं नाही, तर मी चांगला चाललेला पंखा उघडून बसतो, असा हिचा आरोप आहे. ही म्हणजे माझी बायको. ती शास्त्राच्या पुस्तकांसाठी वनस्पतींची चित्रं काढते. पान, फूल, बी, मूळ, सगळं मापात. पस्तीस वर्षांत तिचं एकही चित्र दुरुस्तीसाठी परत आलेलं नव्हतं. हे ती स्वतः कधी सांगत नाही. मी सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी.

गेल्या वर्षी हिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कप बशीत वाजायचा, मग किल्ली कुलपाभोवती फिरायला लागली. तेव्हा एका प्राध्यापकबाईंच्या पुस्तकाची अठरा चित्रं हिने घेतलेली होती. सहा झाली होती. सातव्या चित्राचे तीन कागद हिने फाडले आणि चौथ्या दिवशी शाईच्या बाटल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या, जिथे तिचा हात स्टुलाशिवाय पोचत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, तीन महिने घेऊन बघा, काहींना फरक पडतो.

मग लेकीने तिचा जुना टॅब्लेट पाठवला. काळी सपाट पाटी, तिच्यावर बिनशाईचं पेन फिरवायचं आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. "आईला कागदापेक्षा हे सोपं जाईल, बाबा," ती फोनवर म्हणाली. आणि लगेच, "पण तुमच्या त्या लिनक्सवर चालेल ना?"

माझ्या लिनक्सची घरात सगळे थट्टा करतात. छापखाना बंद झाला तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्यावर लिनक्स ही कुणालाही आतून उघडून बघता येणारी प्रणाली टाकली, कारण ज्या यंत्राचं झाकण उघडता येत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. जावई म्हणतो, "बाबा, लोक वायर लावतात आणि काम सुरू करतात. तुम्ही वायर लावता आणि वाचन सुरू करता." म्हणू दे. त्याचा कॉम्प्युटर अडकला की फोन कुणाला येतो, हे मला माहीत आहे.

पण त्या टॅब्लेटने माझ्या नाकी नऊ आणले. वायर लावली तर पडद्यावरचा बाण हलायचा, पण पेन कितीही दाबलं तरी रेघेची जाडी तीच. हिच्या कामात तर दाबावरच सगळं. देठाशी रेघ जाड, टोकाला केसासारखी. मग मी ड्रायव्हर बदलला, म्हणजे टॅब्लेटचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्राम. आता दाब कळायला लागला, पण उजवीकडे काढलेली रेघ डावीकडे जायला लागली. ही रोज सकाळी चष्मा पुसून येऊन बसायची, दोन रेघा ओढायची आणि म्हणायची, "चालू द्या तुमचं. मी भाजी निवडते."

नवव्या दिवशी सापडलं. एका फाइलमध्ये टॅब्लेटचा नंबर लिहिताना मीच एक आकडा चुकवला होता. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि आकडा दुरुस्त केला. स्टीलची पट्टी पाटीवर ठेवून पेन ओढलं. पडद्यावर रेघ आली, दोऱ्यासारखी सरळ. दाबलं की जाड, सोडलं की बारीक. मी इतक्या जोरात हाक मारली, की ही हातातली सुरी घेऊनच बाहेर आली.

ती बसली. पेन धरलं. आणि सावकाश एक लांब रेघ ओढली.

ती रेघ करवतीच्या पात्यासारखी आली.

हिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अजून बिघडलेलंच आहे की हो तुमचं."

पडद्याच्या कोपऱ्यात पेनाच्या जागेचे आकडे धावत होते. मी ते वाचत होतो. यंत्रात काडीचाही दोष नव्हता. हिचा हात जिथे जिथे जात होता, तिथे तिथे ते इमानदारीने जात होतं. खरं बोलायची वेळ तीच होती, आणि मी म्हणालो, "हो, ड्रायव्हरमध्येच गडबड आहे. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी ही दवाखान्यात गोळ्या आणायला गेली, तेव्हा मी बघितलं. त्या ड्रायव्हरमध्ये रेघ सावरायची एक सोय आहे. पेन जिथे आहे तिथे रेघ लगेच नेत नाही. मागच्या काही ठिकाणांची सरासरी काढून त्यांच्या मधून नेते. चित्र काढायच्या प्रोग्राममध्येही अशी सोय असते, पण तिथे ती हिला दिसली असती. मी ती खाली, ड्रायव्हरमध्येच टाकली, कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप लागेल अशी. पेन मुद्दाम थरथरवत आधी पाच ठिकाणांची सरासरी ठेवली, मग बाराची, मग वीसची. विसाला रेघ शांत झाली.

हिने संध्याकाळी एक पान काढलं. मग दुसरं. मग पेन खाली ठेवून उजवा हात डाव्या हातात धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"मशीन तेच काढतं ना, जे हात काढतो?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

लेकीला फोन गेला. "अगं, गोळ्या लागू पडल्या बघ! कप अजून हलतो, पण बारीक काम आधी सुधारतं, जड कामाला वेळ लागतो." असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते हिने स्वतःच ठरवलं होतं. मी शेजारी बसून मान डोलावत होतो. ती गोळीची वेळ मिनिटभरही चुकवेनाशी झाली. सकाळी गुणगुणायला लागली. मला वाटलं, एवढ्या सुखाला मी का नख लावू? आणि खरं सांगायचं तर मीही त्या रेघेकडे बघून अर्धवट विश्वास ठेवायला लागलो होतो. आपणच केलेल्या जुगाडाला आपणच फसायचं, असा मूर्ख मी.

सातवं चित्र तिने तीन आठवडे काढलं. प्राध्यापकबाईंनी वाळवलेलं झुडूप जाड कागदावर चिकटवून पाठवलं होतं. ही ते भिंगाखाली ठेवायची आणि पडद्याकडे न बघता पानाकडे बघून हात चालवायची. तिची पद्धतच तशी. ती म्हणते, रेघेकडे बघत राहिलं की माणूस आपल्या मनातलं पान काढतो. मधेच एकदा तिने पडदा बघितला आणि मला हाक मारली.

"अहो, या पानाच्या कडेला बारीक दाते आहेत. मी काढतेय, पण इथे कड सपाटच दिसते."

दाते का दिसत नाहीत, हे मला त्याच क्षणी कळलं. यंत्राला काय माहीत, कुठली थरथर हाताची आणि कुठली पानाची? ते दोन्ही पुसत होतं.

"पडद्यावर एवढं बारीक दिसत नाही," मी म्हणालो. "छापताना येईल."

छापण्याबद्दल माझा शब्द या घरात शेवटचा. तिची कितीतरी चित्रं माझ्या यंत्रांवरून गेलेली. "तुम्ही म्हणता तर येईल," ती म्हणाली आणि पुन्हा भिंगावर वाकली. त्यानंतरचे सगळे दाते तिने माझ्या भरवशावर काढले.

चित्र पाठवलं. आठवड्याने प्राध्यापकबाईंचं पत्र कॉम्प्युटरवर आलं. फार अदबीने लिहिलेलं. चित्र सुंदर आहे, पण पानाची कड सपाट आली आहे. सपाट कडेचं झुडूप वेगळं, दातेरी कडेचं वेगळं; या चित्रात दुसरीच वनस्पती झाली आहे. आपल्याकडून असं कधी होत नाही म्हणून संकोच वाटतो, कृपया दुरुस्त करून पाठवावं.

हिने पत्र दोनदा वाचलं. मग वाळलेलं झुडूप काढून भिंगाखाली धरलं.

"आहेत हो दाते. मला दिसतायत." थोडं थांबून, "दिसतायत ना तुम्हाला?"

"दिसतायत."

"मग मी काढले कसे नाहीत?"

दुपारभर ती त्या भिंगापाशी बसून होती. जुनी चित्रं काढून पंख्याखाली पसरली. एक डोळा झाकून बघायची, मग दुसरा. चहा निवला तसाच राहिला. शेवटी म्हणाली, "हात सुधारला आणि डोळे गेले वाटतं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या. नाहीतर डोकं. डोकंच जात असेल तर हो?" तिचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मला ते सहन झालं नाही. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पट्टीने ओढलेली रेघ, आकडे, पाच, बारा, वीस. 'छापताना येईल' हेही सांगितलं.

ती ऐकत होती. तिचा हात मांडीवर थरथरत होता.

"म्हणजे मी दाते काढले होते," ती म्हणाली.

"एकूण एक काढले होतेस. डोळ्यांना काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही."

तिने सुटकेचा श्वास सोडला. आणि लगेच, तो श्वास पुरता सुटायच्या आत, तिचा चेहरा बदलला.

"मग गोळ्यांनी काहीच नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी लेकीला सांगितलं. माझ्या बहिणीला सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगणार होते." ती मोठ्याने बोलत नव्हती, मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही शेजारी बसून मान डोलावत होतात. मला वेड्यात काढलंत तुम्ही."

"तू खूश होतीस गं."

"होते ना. म्हणून तर विचारतेय, आता काय करू त्याचं?"



थोड्या वेळाने ती उठली आणि टॅब्लेटसमोर जाऊन बसली. "काढा ते. तुमचं जे काय आहे ते."

मी सरासरी बंद केली. हिने झुडूप समोर ठेवलं, भिंग लावलं आणि पडद्याकडे न बघता पानाची कड काढायला घेतली. देठापासून टोकापर्यंत, टोकापासून देठापर्यंत. हात टेबलाला टेकवून, श्वास रोखून. मी मागे उभा राहून पडदा बघत होतो. यंत्र एकदम व्यवस्थित चाललं होतं. नऊ दिवस मला हवं होतं अगदी तसं.

तिने पेन ठेवलं आणि मान वर केली. कडेला दातेच दाते होते.

"यातले पानाचे कुठले आणि माझे कुठले?" तिने विचारलं.

मी जवळ जाऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं, झुडपाशी ताडून बघितलं. मला सांगता येईना. मग तिने बोट पडद्यावर ठेवून एक-एक दाता मोजायला सुरुवात केली, "हा पानाचा. हा... हाही पानाचा. हा..." सातव्या-आठव्याशी ती थांबली. तिलाही सांगता येईना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे वळलीही नाही.

"बाईंना पत्र लिहा," ती म्हणाली. "मी सांगते."

मी कीबोर्ड पुढे ओढला. तिने मजकूर सांगितला, नेहमीसारखा थोडक्यात. प्रकृतीच्या कारणाने सातवं चित्र दुरुस्त करून देता येणार नाही. उरलेली अकराही होणार नाहीत. कृपया दुसरं कुणी बघावं. पहिल्या सहांचे मूळ कागद आणि वाळवलेले नमुने पाठवत आहे. नमुने नाजूक आहेत, उघडताना जपावं.

मी टाइप केलं. शेवटच्या ओळीवर थांबलो. पस्तीस वर्षांत एकही चित्र परत आलं नव्हतं, आणि जे आलं ते माझ्यामुळे आलं होतं. ते तिच्या नावावर राहावं, हे मला पटेना.

"एक ओळ घालू का?" मी म्हणालो. "सातव्या चित्रातली चूक तुझी नव्हती म्हणून. तू दाते काढले होतेस, ते मशीनमध्ये पुसले गेले."



"नको," ती म्हणाली. "मग कुणी पुसले तेही लिहावं लागेल. चूक माझी झाली, असंच लिहा."

"अगं, पण..."

"लिहा ना हो. माझा हात नाही चालत."

आणि मी ते लिहिलं.