शुक्रवारचा निरोप

फोन ठेवल्यावर दिनानाथने निरोपाचा कागद वहीतून फाडला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात सरकवला. जर्मनीहून कुणी बाई बोलत होत्या. सप्टेंबरच्या परिषदेत डॉक्टर हंसा वर्तक यांनी मुख्य व्याख्यान द्यावं, अशी त्यांची विनंती होती. होकार आठवड्याभरात हवा होता. "मी त्यांचा नवरा, निरोप देतो," असं तो इंग्रजीत म्हणाला होता.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. शुक्रवार म्हणजे वसई पूर्वेच्या औषध कारखान्याची सुट्टी, त्यामुळे माणिकपूरच्या घरात तो एकटाच होता.

संध्याकाळी हंसा मुंबईहून आली. चपला काढता काढता तिने विचारलं, "काही विशेष?"

"काही नाही. पाण्याचा टँकर आज आलाच नाही."

ती क्षणभर दारातच थांबली, मग आत गेली.

पेशी कशा मरतात, यावर हंसा अकरा वर्षं संशोधन करत होती. इजा होऊन पेशी फुटली की आजूबाजूला दाह उठतो. आपणहून मरणारी पेशी मात्र आधी सगळं आवरून घेते आणि शरीरातल्या भक्षक पेशी तिला मुकाट्याने गिळतात. गिळल्यावर त्या भक्षक पेशी स्वतःही शांत होतात, दाह पेटवणं सोडतात, हे हंसाने दाखवलं होतं. त्याचं मोल माणिकपुरात एकट्या दिनानाथला कळत होतं. काचेच्या बशीत पेशी जगवायच्या कशा, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. तो तिचा सीनियर. त्याची पीएच.डी. रेंगाळली, वडील गेले, बहिणीचं लग्न निघालं, आणि त्याने गोळ्यांचे नमुने तपासायची नोकरी धरली. हंसा होती तिथेच राहिली आणि पुढे गेली.

शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या इग्नेशियस डाबरेंनी त्याला स्कूटरवरून कारखान्याच्या फाटकाशी सोडलं.

"मॅडमचा फोटो बघितला पेपरात," ते म्हणाले. "नशीबवान आहात."

दिनानाथ हसला. संध्याकाळी सांगून टाकू, असं त्याने ठरवलं आणि सांगितलं नाही. रविवारी तिच्या माहेरची माणसं आली. सोमवारी तो कारखान्यातून मुद्दाम उशिरा निघाला. कागद फेकून द्यायचं धाडस होत नव्हतं, तिच्या हातात द्यायचंही.

मंगळवारी संध्याकाळी हंसा बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. त्याने कागद उलगडून तिच्यापुढे ठेवला.

"जर्मनीहून फोन होता. राहून गेलं सांगायचं."

तिने कागदाकडे पाहिलंही नाही.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "शनिवारी त्यांनी खात्रीसाठी लॅबमध्ये परत केला. मी हो म्हणून टाकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"घरचा नंबर मीच दिला होता त्यांना. शुक्रवारी तुम्ही असता ना." तिने आणखी एक वाल सोलला. "निवड झालीच तर आधी तुम्हाला कळावं, असं वाटलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

दिनानाथ गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकावरून हुज्जत घालत होते. तो परत आला तेव्हा टेबलावर व्याख्यानाच्या आकृत्यांचा गठ्ठा होता.

"बघता?" हंसा म्हणाली. "काही चुकत असलं तर."

त्याने चष्मा पुसला. चूक सापडावी म्हणूनच तो वाचत होता, अगदी हावरटासारखा. सातव्या आकृतीशी ती सापडली. इतकी साधी, की हंसाच्या आणि तिच्या तिन्ही विद्यार्थ्यांच्या नजरेतून ती सुटली कशी, याचं त्याला नवल वाटलं. छातीत काहीतरी गोड पसरलं. आपण गप्प बसलो तर भर सभेत कुणीतरी उठेल आणि नेमकं हेच विचारेल. ती सभा तो डोळ्यांसमोर पाहत राहिला. हंसापुढचे वाल संपत आले.

"हंसा."

"हं."

"मेलेली पेशी गिळून भक्षक पेशी शांत होतात, कबूल. पण नुसतं पोट भरलं म्हणून शांत झाल्या नसतील कशावरून? मेलेल्या पेशींऐवजी प्लॅस्टिकचे बारीक मणी खायला घालून पाहिलंस त्यांना?"

हंसाचे हात थांबले. कागद ओढून तिने आकृती दोनदा पाहिली. तिचा चेहरा उतरला.

"नाही."

"सप्टेंबरला वेळ आहे. होईल."

"मुद्दाम शोधलीत ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. चार दिवसांत त्याची सवयही झाली होती.

"हो," दिनानाथ म्हणाला.

हंसाने ओले हात पदराला पुसले आणि उरलेला गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

"पुढच्याही तशाच बघा."