जो आधी ‘घेतो’ म्हणेल

वरकुट्यात पेरूच्या बागा वाढल्या तशा पिकअप वाढल्या, आणि पिकअप वाढल्या तशी भांडणं वाढली. अमक्याचा माल मेव्हण्याच्याच गाडीत का गेला, तमक्याला बोलावणं का आलं नाही. शेवटी महिपतीतात्यांनी त्यावर तोड काढली. तात्या माळकरी माणूस. काकडा चुकला म्हणून दिवसभर हुरहूर लागणारा. त्यांच्या शब्दाला गावात मान. त्यांनी मोबाईलवर एक ग्रुप काढायला लावला. ज्याचा माल निघाला त्यानं तिथं लिहायचं, अमुक इतकी कॅरेट, अमुक मळा. जो गाडीवाला आधी ‘घेतो’ लिहील, माल त्याचा. मग तो पाहुणा असो की परका.

तात्यांची दोन पोरं, दीपक आणि गोकुळ, एकच गाडी आलटून पालटून चालवायची. घरचा माल घरच्या गाडीत टाकला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण तात्या घरचा पेरूही ग्रुपवरच टाकत.

‘‘बापाच्या बागंतला माल उचलायला मला जगाशी शर्यत लावावी लागती बघा,’’ दीपक हसून सांगायचा.

‘‘नेम म्हंजे नेम,’’ तात्या म्हणायचे.

मागच्या माघात दीपक बारामतीहून रिकामी गाडी घेऊन येत होता. तात्यांनी बागेतून लिहिलं, बारा कॅरेट, महिपती. लगोलग दीपकचं ‘घेतो’ आलं. तात्यांना आतून बरं वाटलं. बायकांना म्हणाले, चला गं, भरा. तिकडं काटेवाडीच्या पुढं उसाची एक ट्रॉली चाक बसल्यामुळं रस्त्याच्या कडेला उभी होती. दीपकची गाडी मागून तिच्यात घुसली. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा डांबरावर नव्हती, असं मागून येणाऱ्यांनी सांगितलं. इकडं कॅरेट भरून सावलीला लागली होती, आणि तात्या बांधावर उभे राहून चिडत होते, की ‘घेतो’ म्हणून हे पोरगं अजून येईना कसं.

त्यानंतर तात्यांच्या आत काही हललं नाही. लोक रडून गेले, भेटून गेले. हे आपले भिंतीला टेकून बसलेले. मग एक दिवस उठून बागेत गेले. पेरूला फोमची जाळी घालायची, वर पिशवी चढवायची, पुढच्या फळाकडं जायचं. बायको धोंडाबाई ताट वाढी, ते जेवत. कालवणात मीठ कमी आहे का म्हणून तिनं विचारलं, तर त्यांना सांगता येत नसे. पांडुरंगाचं नाव ओठावर होतं, पण ते बागेतल्या ठिबकासारखं. कुणी चालू केलं म्हणून चालू.

गाडी दुरुस्त होऊन आली. गोकुळ ती चालवू लागला.

दीपक गेल्यावर पोलिसांनी रस्त्यावर चांगलाच जोर धरला. नाक्यावर उभं राहून हातात मोबाईल दिसला की दंड. पहिले काही दिवस सगळ्यांचे फोन खिशात गेले. मग ग्रुपवरच मजकूर येऊ लागला, ‘नाक्यावर साहेब हायेत, जपून’. झालं! तो मजकूर वाचायला गाडीवाले फोन काढू लागले. नाका आला की फोन मांडीखाली, नाका सरला की पुन्हा हातात. गोकुळलाही एकदा धरलं. दंड भरून तो घरी आला आणि त्याच दिवशी संध्याकाळी तात्यांनी त्याला गाडी फाटकातून आत घेताना पाहिलं. एक हात स्टेअरिंगवर, मान खाली.

‘‘अरं, आजच दंड भरलास ना?’’

‘‘आता दारात आलोय तात्या. हितं कोण धरतंय?’’

चैत्रात गावचा सप्ताह बसला. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाआधी, पोलीस ठाण्याचे एक साहेब चार शब्द बोलायला आले. चांगला माणूस. कायदा कडक झालाय, दंड वाढलाय, घरी लेकरंबाळं वाट बघतात, असं कळकळीनं बोलला. तेवढ्यात कळस गावचा संदेश, हाही पिकअपवालाच, मागून उठला.

‘‘साहेब, एक इचारू का? दंडाचा मेसेज गाडी चालवतानाच येतो. तो वाचायचा का न्हाय?’’

मंडप हसला. साहेबही हसले. तात्या टाळकऱ्यांच्या ओळीत उभे होते. त्यांच्या हातातले टाळ हलले नाहीत.

कीर्तन उभं राहिलं. बुवा तरणे होते, पण गळा असा की मंडपाच्या कनाती थरथराव्यात. बुवा सांगत होते, देवानं डोळे दोन दिले, कान दोन दिले, चित्त मात्र एकच दिलं, मायबाप. ते एका वेळी एकाच दारात उभं राहतं. एरवी अशा वाक्यावर तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आज त्यांनी फक्त ऐकलं.

मागं वीणेचा पहारा गोकुळचा होता. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकत नाही; एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं दुसरं काही करायचं नाही. तात्यांनी सहज मान वळवली. वीणा गोकुळच्या खांद्यावर नीट होती. डोळे अर्धवट मिटलेले. आणि तारेवरचा उजवा हात हलकेच खाली आला, खिशात गेला, फोन घेऊन वर आला. अंगठा दोन-चारदा हलला. फोन खिशात, हात तारेवर. ओठ ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतच होते.

काल्याची हंडी फुटली, प्रसाद वाटला गेला. तात्यांनी गोकुळला देवळामागं गाठलं.

‘‘वीणा गळ्यात असताना काय लिवलंस?’’

‘‘मी? कवा?’’

‘‘बघ फोनात.’’

गोकुळनं फोन काढला. जयवंताबाईंची नऊ कॅरेट होती. खाली पहिलंच ‘घेतो’ त्याचं. तो त्याकडं बघत राहिला. तोंडावरचा रंग उतरला.

‘‘माळेची शपथ तात्या, मला ठावंच न्हाय.’’

तात्यांना तो खोटं बोलत नाही हे दिसत होतं. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. जाणूनबुजून करणाऱ्याला साहेबाचा धाक, देवाचा धाक. ज्याला आपला हात कुठं गेला हेच ठाऊक नाही, त्याला कुणाचा धाक घालायचा?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवाले नि बागवाले पारावर बोलावले. ‘‘वीणेला पहारा असतो तशी गाड्यांना पाळी लावू. आज तुझी, उद्या त्याची. आदल्या सांजंला ठरलं की दिवसभर फोन बघायचं कारणच न्हाय.’’

‘‘माझ्या पाळीला माल निघला न्हाय तर? तवा टाळ वाजवत बसू का?’’ संदेश म्हणाला.

‘‘आन् माझा पेरू आज पिकला तर पाळीवाल्याची वाट बघत बसंल व्हय?’’ जयवंताबाई म्हणाल्या. ‘‘तात्या, तुमचं दुःख आमाला कळतं. पर शर्यत तुमीच लावली हुती. तिनंच समद्यांची सोय झाली.’’

‘‘व्हय,’’ तात्या म्हणाले. ‘‘मीच लावली.’’

कसा करायचा ते पोराबाळांना विचारून त्यांनी आपला ग्रुप बंद केला. दिवेलागणीला दुसरा निघाला. नेम तोच. त्यात सगळे होते, फक्त तात्या नव्हते. गोकुळही होता.

‘‘ग्रुपात न राहून कसं चालंल?’’ तो खाली बघून म्हणाला. ‘‘गाडी हुभी राहील.’’

सकाळी तात्यांनी टोपी घातली आणि गाडीत डाव्या बाजूला जाऊन बसले.

‘‘अवो, कुठं निघालात?’’ धोंडाबाईनं दारातून विचारलं.

‘‘बारामतीला.’’

‘‘काय काम काढलं?’’

‘‘काम हेच.’’ त्यांनी गोकुळपुढं हात पसरला. ‘‘फोन दे.’’

‘‘तात्या, तुमाला लिवता येतंय का झटकन?’’

‘‘दे म्हणतो ना.’’

माल उतरवून परतताना पहिला मजकूर वाजला. तात्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्यानं वाचलं, ‘‘सारजाबाई, सोळा कॅरेट.’’ मग ‘घ’ शोधला. मात्रा कुठं असते ते शोधलं. ‘घे’ होईस्तोवर खाली संदेशचं ‘घेतो’ उमटलं.

‘‘गेला?’’ गोकुळनं रस्त्याकडं बघत विचारलं.

‘‘गेला.’’

‘‘असं रोज झालं तर गाडी विकावी लागंल.’’

‘‘विकू.’’

नाक्यावर हवालदारानं हात केला, आत वाकून बघितलं. म्हातारा फोन धरून बसलेला, पोराचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. ‘‘जाऊ द्या,’’ म्हणाला.

काटेवाडी मागं पडली. पुढं उसाच्या ट्रॉल्या ओळीनं चालल्या होत्या. फोन पुन्हा वाजला, आणि गोकुळचा डावा हात स्टेअरिंगवरून सुटून आपसूक बापाच्या मांडीकडं आला. नजर पुढंच होती. हाताचा त्याला पत्ता नव्हता. तात्यांनी तो मनगटाला धरला, उचलला आणि परत स्टेअरिंगवर ठेवला. मग टोपी मागं सारली आणि पुन्हा ‘घ’ शोधायला लागले.