दोरावरचा हळदीचा डाग

मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे, गोठ्यातलाही नव्हे. डोंगर चढणाऱ्यांचा दोर. मित्रांनो, बादली निसटली तर पुन्हा काढता येते आणि गाय सुटली तर शोधून आणता येते. माझ्या टोकाला मात्र माणूस बांधलेला असतो. त्यामुळे माझ्या जातीला जन्मापासून एकच सवय जडते, ती म्हणजे काळजी करण्याची.

एका कारखान्यात असंख्य बारीक धाग्यांना पीळ देऊन माझा गाभा तयार झाला आणि त्यावर निळ्या धाग्यांचे घट्ट आवरण विणले गेले. भार पेलतो तो गाभा. लोकांना दिसते ते आवरण. माझ्या आयुष्यातली सगळी धास्ती या एका गोष्टीत सामावलेली आहे.

मला विकत आणले ते जयसिंगने. चाकणजवळच्या एका गावातले त्याचे शेतकरी घर. आता घरातला हा कर्ता मुलगा एका कंपनीच्या स्टोअरमध्ये शिफ्टवर जातो आणि सुट्टी मिळाली की डोंगरावर. त्याच्याबरोबर असायची आम्रपाली. तिचे वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि ती स्वतः चाकणच्या एका प्लांटमध्ये तयार भाग तपासण्याच्या विभागात. तिसरा समाधान, हिंजवडीत संगणकावर काम करणारा आणि मारुंजीत भाड्याने राहणारा. कातळाला हात लावताच तो म्हणायचा, "आमच्या मारुंजीच्या रस्त्यापेक्षा हा कडा बरा, राव. इथं माणूस पुढं तरी सरकतो."

त्या वर्षांमध्ये मावळातले किती कातळटप्पे मी पाहिले, ते मला सांगता येणार नाही. करवंदीच्या जाळ्या, तुटलेल्या पायऱ्या, गडावरच्या टाक्यातले गार पाणी, वाऱ्यात भरकटणारी घार. माणसे हे सारे डोळे भरून पाहत. मी मात्र गाठीकडे लक्ष ठेवून असे. सगळे वर पोचले की जयसिंग मला थोपटायचा आणि म्हणायचा, "गड्यानं आजबी राखलं." ते कौतुक मला आवडायचे, नाही म्हटले तर खोटे ठरेल.

त्यांचा एक नियम होता. माझ्यावर कुणी पाय द्यायचा नाही. चुकून पाय लागलाच, तर जयसिंग पुस्तकाला करतात तसा मला नमस्कार करी. आम्रपाली हसून म्हणे, "दादा, नमस्कार करून दोर बरा होत नसतो. हात फिरवून बघ."

"तू हात फिरव, मी नमस्कार करतो. दोन्ही होऊ दे," असे तो उत्तर देई.

आणि खरोखरच दोन्ही होत असे. प्रत्येक भटकंतीच्या आदल्या दिवशी आम्रपाली मला टोकापासून टोकापर्यंत बोटांतून काढायची. कुठे मऊ पडलो आहे, कुठे फुगलो आहे, कुठे आवरण विसविशीत झाले आहे, ते तिच्या बोटांना समजे. त्या रात्री मला शांत झोप लागे.

पुढे जयसिंगचे लग्न झाले. आम्रपालीचा ओव्हरटाइम वाढला, समाधानच्या सुट्ट्या कुणाच्या सुट्ट्यांशी जुळेनात. मी जयसिंगच्या घरी खुंटीला वेटोळे घालून पडून राहू लागलो. पावसाळा सरला आणि खंडेनवमी आली.

या दिवशी कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्या अवजारावर पोट चालते, त्याला त्या दिवशी विश्रांती आणि मान. जयसिंगच्या मनात आले की आपला दोरही अवजारच. त्याने मला कंपनीच्या स्टोअरमध्ये नेले, पाने, पकडी आणि हातोड्यांच्या शेजारी एका लोखंडी मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. त्याच्या डोळ्यांत खरी कृतज्ञता होती. मीही संकोचून गेलो होतो.

वरच्या फळीवर कुणीतरी गाडीची एक जुनी बॅटरी तात्पुरती ठेवली होती. सगळे प्रसाद घ्यायला गेले, आणि वरून एक थेंब माझ्यावर पडला. मग आणखी काही. आधी ओल जाणवली. मग आग. ती आवरणातून झिरपत गाभ्यापर्यंत गेली आणि तिथे माझे धागे जुन्या पिठाच्या भाकरीसारखे भुसभुशीत झाले. मी वेटोळ्यात होतो, म्हणून बॅटरीतले ते तेजाबी पाणी एका जागी न राहता अनेक फेऱ्यांवर पसरले. आवरणावर पिवळे डाग उमटले आणि वर हळद सांडलेली होती. पिवळ्यावर पिवळे. जयसिंग परत आला, त्याने मला प्रेमाने उचलले आणि घरी नेले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

त्यानंतर दिवाळी झाली आणि पुनमने विषय काढला. पुनम ही जयसिंगची बायको. "लग्नाआधी म्हणाला व्हता, गड दावतो. आता गडाचे फोटोच दावता," ती म्हणाली.

"येत्या रविवारी जाऊ. समदे जाऊ," जयसिंग म्हणाला.

मी खुंटीवर थरथरलो. पण मनाशी म्हटले, आम्रपाली येईल, हात फिरवील. ती आली नाही. शनिवारी तिला दुसरी शिफ्ट लागली. रविवारी सकाळी चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली आणि गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन चढले होते.

"दोर बघायचा राहिला," आम्रपाली वाटेत म्हणाली.

"घरातच तर हाय तो. वापरलाय कुठं?" जयसिंग म्हणाला. "उलट पूजा झालीय त्याची."

"मग तर आपला दोर शास्त्रोक्त झाला," समाधान म्हणाला, आणि सगळे हसले.

माथ्याच्या अलीकडे पायऱ्या तुटून गेलेला एक उभा कातळटप्पा होता. त्याच्या एका अंगाला खोल दरी. जयसिंग मला खांद्यावर घेऊन सराईतपणे वर चढला, मला कातळात ठोकलेल्या मेखेला बांधले आणि माझे दुसरे टोक खाली सोडले. खालच्याने ते कमरेच्या पट्ट्यात अडकवून चढायचे आणि वरच्याने मला हळूहळू ओढत राहायचे. पाय सुटला तर भार माझ्यावर. सगळ्यांच्या हातांत कंपनीतून मिळालेले चामडी हातमोजे होते. सुरक्षेची ती सवय चांगलीच आहे. पण चामड्याला स्पर्श कळत नाही.

पहिला समाधान. टोकापासून दोन हातांवर माझा एक पिवळा डाग होता. आम्रपाली क्षणभर थांबली. "हे काय?"

"खंडेनवमीची हळद हाय ती," वरून जयसिंग म्हणाला.

समाधान निघाला. मध्यावर त्याचा पाय सरकला आणि तो हातभर खाली आला. भार माझ्यावर आला. माझ्या गाभ्यातले काही धागे तुटल्याचा आवाज फक्त मला ऐकू आला. उरलेल्यांनी कसेबसे पेलले.

"बघ, देवाचा दोर," तो वर पोचून धापा टाकत म्हणाला. त्याने टोक सोडून पुन्हा खाली टाकले.

आता पुनमची पाळी होती. ती कातळाला टेकून उभी होती. ओठ कोरडे, पण हसत होती. "वैनी, पायाकडं बघायचं, दरीकडं न्हाई," वरून समाधान जयसिंगच्या बोलण्याची नक्कल करत होता.

तिच्या कमरेला मला अडकवणार तोच आम्रपालीची नजर पुन्हा त्या डागावर गेली. भार पडल्यामुळे तिथली लव उभी राहिली होती. मी मनात एकच घोकत होतो: मोजा काढ, बाई, मोजा काढ.

तिने मोजा दातात धरून काढला. उघड्या अंगठ्याने डाग चोळला. हळद असती तर अंगठा पिवळा झाला असता. अंगठ्यावर आली ती भुकटी, माझ्याच धाग्यांची. तिने मला वाकवले. त्या जागी मी वाळल्या काडीसारखा ताठ होतो.

"वहिनी, मागे व्हा," ती शांतपणे म्हणाली, आणि मग वर पाहून विचारले, "दादा, पूजेत दोर कुठे ठेवला होता?"

"स्टोअरात. मांडणीवर."

"त्या मांडणीवर आणखी काय होतं?"

मग जयसिंग म्हणाला, "बॅटरी व्हती. वरच्या फळीवर."

त्यानेही मोजे काढले. मेखेपासून मला बोटांतून काढू लागला. थोड्या अंतरावर एक ताठ जागा. पुढे आणखी एक. मग त्याने मोजणे सोडून दिले आणि मला मांडीवर घेऊन बसला. समाधान कातळाच्या कडेपासून मागे सरकला. नुकताच तो याच जागांवर लोंबला होता.

आता खरा घोर सुरू झाला. दोघी खाली, दोघे वर, आणि मधल्या कातळावरून दोराशिवाय उतरणे म्हणजे दरीला आमंत्रण. पाण्याच्या बाटल्या खालच्या पिशवीत. मेखेवर ऊन तापत होते. "मी तसाच उतरतो. हजारदा चढलोय," जयसिंग म्हणाला.

"चढलाय. उतरला न्हाई," पुनम खालून म्हणाली. "मला गड न्हाई बघायचा. तुमाला बघायचंय. बसा तिथंच."

तो बसला. उन्हे कलली.

अखेर भोसरीकडची एक टोळी वर आली. त्यांचे म्होरके सोपानराव, पिकल्या मिशांचे. आम्रपालीने सगळे सांगितले.

"घ्या की आमचा. डोंगरात दोर कुणा एकाचा नसतो," ते म्हणाले.

"आधी हात फिरवू का?"

सोपानराव हसले. "फिरवा, पोरी. न फिरवताच न्यायला लागला असता तर मीच दिला नसता."

नवा दोर वर पोचवायचा कसा? आम्रपालीने तो माझ्या टोकाला बांधला. जयसिंग मला ओढू लागला आणि मी माझ्यापेक्षा तरुण, धडधाकट दोराला कातळावरून वर नेले. ओझे हलके होते. तेवढे मला झेपले. तेच माझे शेवटचे काम. दोघे त्या दोरावरून खाली आले. पुनम नवऱ्याजवळ गेली. त्याच्या बाहीवरची माती झटकत राहिली.

पायथ्याशी आम्रपाली म्हणाली, "हा कापायला हवा. नाहीतर उद्या कुणीतरी चांगला समजून नेईल."

जयसिंगने सुरी काढली, माझ्यावर धरली, आणि त्याचा हात थांबला. "पुजलेला हाय गं."

"द्या इकडं," पुनम म्हणाली. तिने सुरी घेतली आणि जिथे जिथे डाग होता, तिथे तिथे मला कापले. मला दुखले नाही. माझ्या भरवशावर आता कुणी जीव टांगणार नव्हते. जन्मात पहिल्यांदाच माझी काळजी कमी झाली.

माझे निरोगी तुकडे नव्या मंडळींना गाठी शिकवायला वापरतात. पिवळा तुकडा त्यांच्या हातात देऊन जयसिंग फक्त एवढेच म्हणतो, "वाकवून बघा." बाकीचे बोलणे त्याला जड जाते.

तरीही, मित्रांनो, मी पुरता निर्धास्त नाही. तुमच्याकडेही अशा वस्तू असतील ज्यांच्यावर तुमचा किंवा तुमच्या माणसांचा जीव टेकलेला आहे. सायकलचा ब्रेक असेल, गॅसची नळी असेल, गच्चीचा कठडा असेल. त्यांना जरूर माळ घाला; प्रेमाने ठेवलेले फूल कुणालाही जड होत नाही. पण माळ घालून झाली की ती जरा बाजूला सारा आणि खाली काय आहे ते पाहा. आम्ही मुक्या वस्तू आहोत. आमचे दुखणे तुमच्या बोटांना लागले, तरच ते तुम्हाला कळेल.