चार मिलीमीटर

आमचे हे लेथवर लोखंड तासायचे. केसाएवढा फरक दाखवणारं व्हर्निअर घरीसुद्धा खिशात. मी पडदा शिवला तरी त्याची शिवण मोजणार. "लग्नाआधी तुमचं मला मोजायचं तेवढं राहिलं," असं मी चिडवायचे.

हा माणूस मुतखड्याने जमिनीवर गडाबडा लोळला. डॉक्टरीणबाई फोटो बघून म्हणाल्या, "खडा नळीत अडकलाय. अकरा मिलीमीटर. चार-पाचचा असता तर पाणी पिऊन वाट बघितली असती. हा आपणहून पडायचा नाही. त्यात तुमची दुसरी किडनी जन्मापासून नावालाच आहे. याच आठवड्यात काढू."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ऑपरेशनची तारीख घेतली.

आदल्या दिवशी सकाळी, दवाखान्यातून दिलेल्या लघवीच्या गाळणीत खडा सापडला. कळही थांबली होती. ह्यांनी खडा धुतला, व्हर्निअरमध्ये धरला आणि मला दाखवला. चार.

"बाई तर अकरा म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.

"अगं, घासून घासून उतरला. लेथवर अकराची सळई चारवर येतेच की."

मला पटलं नव्हतं. पण आठ दिवस त्यांचं कण्हणं ऐकून मी पार विटले होते. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. दवाखान्यात फोन मीच केला. खडा पडला एवढंच सांगितलं. केवढा, ते नाही सांगितलं. "तरी एकदा दाखवून जा," तिकडची मुलगी म्हणाली. मी बघू म्हणाले.

चार महिने दुखलं नाही. मग पाय सुजले, अन्न बघितलं की उलटी यायला लागली.

"पडला तो लहान, वेगळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठा तिथेच आहे. हळूहळू तुंबलं की दुखत नाही, त्यामुळे कळलं नाही."

"मग आता करा ना ऑपरेशन."

"करू. पण किडनी परत येईल असं वाटत नाही."

खडा निघाला, किडनी गेलीच. आता आठवड्यातून तीनदा मशीन. लेथ सुटलं. मी बाजूच्या स्टुलावर बसते आणि स्वतःला शिव्या घालते.

काल हे नळ्यांकडे बघत म्हणाले, "जन्मात माझं माप चुकलं नाही गं. तेव्हाच कसं चुकलं?"

"चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "चारच होतं. मीही वाचलं होतं."