लिंबातली गाठ

वखारीमागच्या मैदानात त्या गुरुवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. निपाणीच्या आसपासच्या गायी, बैल, शर्यतीची घोडी, ज्याचा डोळा बिघडला ते जनावर रांगेत. लिंबूबाबा डोळ्यावरून लिंबू उतरवायचे, "निघ! होगु! बाहर निकल!" असं रोगाला तीन भाषांत दटावायचे. कुठला रोग कुठल्या मुलखातून आलेला, काय सांगावं! मग लिंबू पिळलं की तळहातावर रक्ताळलेली गाठ पडायची आणि लोक लोटांगण घालायचे.

उन्हाळ्यात भरमानंही घातलं होतं. त्याच्या पांढऱ्या घोडीच्या, हरणीच्या, गुलाबी पापणीआड लाल मांस वाढलं होतं. जनावरांच्या डॉक्टर रचनाबाई म्हणाल्या होत्या, "कॅन्सर आहे. अजून आतल्या पापणीतच आहे. आत्ता कापलं तर डोळाही वाचेल."

बाबा म्हणाले, "लोखंड लागलं की घोडी मेली!"

भरमा भ्याला. बाबांनी लिंबातून गाठ काढून दाखवली. घरी येऊन बघतो, तर डोळ्यातली होती तिथंच. "आतली काढली, वरची आपोआप गळंल," बाबा म्हणाले. भरमा वाट बघत बसला.

पावसाळा सरेतोवर रोग डोळ्यामागच्या हाडात उतरला. हरणी चारा तोंडात धरायची आणि तसाच टाकून द्यायची. त्या गुरुवारी सकाळी रचनाबाईंनी तिला शेवटचं इंजेक्शन दिलं, तेव्हा तिचं डोकं भरमाच्या मांडीवर होतं.

दुपारी तो बाईंना घेऊनच मैदानात शिरला.

"बाबा, ह्ये माझं लिंबू. ह्यातनं काढा गाठ."

"ते मंतरलेलं न्हाय!"

रचनाबाईंनी बाबांच्या टोपलीतलं एक लिंबू उचलून त्यावरचं हळदकुंकू पुसलं. खाली मेणानं बुजवलेलं भोक. पिळताच कुंकवाच्या पाण्यात बुडवलेला कोंबडीच्या कलेजीचा तुकडा बाहेर पडला.

"बाकीचीही फोडा," त्या म्हणाल्या.

लोकांनी फोडली. सगळ्यांत कलेजी. त्या गोंधळात बाबा मोटारसायकलवरून पसार झाले.

आंधळी होत चाललेली गाय ओढत मालुबाई पुटपुटली, "बाईनं शिवलं, म्हणून बाटली लिंबं."

भरमानं तिला थांबवलं.

"आक्का, घोडी पुरून आलोय मी. लिंबं न्हाय बाटली, माझी अक्कल गेलती. वेळेवर कापलं असतं तर जगली असती ती." मग तो गर्दीकडं वळला. "जनावराच्या डोळ्यात मांस दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आन् कोण चमत्कार दावाय लागला, तर पाया पडायच्या आदी विचारा, कसं केलंस? सांगाय भ्याला, तर उठून घरला चला."