खिंडीतला दीड तास

पियूष गेल्यानंतर सात महिन्यांनी, मे महिन्यात, त्याचे आईवडील नागपूरहून डब्लिनला आले. अंत्यसंस्कार ऑक्टोबरातच नागपूरला होऊन गेले होते, त्यामुळे इथे येऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्याच्या आईला, सुचित्राकाकूंना, तो जिथे गेला ती जागा बघायची होती, आणि त्यांना तिथवर नेऊ शकेल असा माणूस एकच होता, रणजित.

रणजित आणि पियूष डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनच्या एका फ्लॅटमध्ये चार वर्षं एकत्र राहिले होते. दोघंही लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, एकाच शिफ्टला. काकाकाकू आले तेव्हा काकू पियूषच्याच खोलीत झोपल्या. सकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या उशीला अजून तेलाचा वास आहे." रणजितने चहा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांच्याकडे न बघता बोलायची सवय त्याला सात महिन्यांत फोनवर लागली होती. आता त्या समोर बसलेल्या असताना तेच करणं जड जात होतं.

शुक्रवारी सकाळी ते पश्चिमेकडे निघाले. नंदकुमारकाका कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. पुढच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांनी मांडीवर त्या भागाचा मोठा नकाशा उलगडला. नागपूरला असतानाच मागवून घेतलेला होता, घड्या पडलेल्या जागी पारदर्शक टेप लावलेली. त्यावर पेन्सिलने एक बारीक रेघ काढली होती.

"हे काय काका?"

"त्याच्या घड्याळाने नोंदवलेली वाट. घड्याळ परत मिळालं ना आम्हाला. भाच्याने त्यातून सगळे आकडे काढून दिले, मी ते नकाशावर घेतले." काका शांतपणे म्हणाले. "एक गोष्ट जुळून नाही राहिली. तिथं गेल्यावर बघू."

रणजितने गाडीचा वेग थोडा वाढवला.

अथलोनला शॅनन नदी ओलांडली तोवर सगळा देश सपाट होता. गुरं, कुंपणं, जळणासाठी पीट, दलदलीतली माती, काढून काळ्या पडलेल्या जमिनी. गॉलवेच्या पुढे दगडी बांध सुरू झाले, मग बांधही विरळ झाले आणि डोंगर जवळ आले. झाड एक नाही. खाली तपकिरी गवत, वर उघडा खडक, आणि सगळ्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. लिनानला समुद्र थेट डोंगरांच्या मध्ये शिरलेला होता. काकू गाडीतून उतरल्या, कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "फोटोत दाखवलं होतं त्याने. मी म्हटलं, किती उदास आहे रे. तो म्हणाला, आई, तू ये, मग बघ."

तिथून पुढे काकांनी उतारावर बोट दाखवलं. "हे वाफे कशाचे? इतक्या चढावर?"

डोंगराच्या अंगावर समांतर उंचवटे दिसत होते, गवताखालून वर आलेले, बरगड्यांसारखे.

"बटाट्याचे," रणजित म्हणाला. "दुष्काळाच्या आधीचे. पावणेदोनशे वर्षं झाली. पीक कुजलं, माणसं गेली. नंतर कोणी पुन्हा लावलं नाही, म्हणून तसेच राहिलेत."

"आणि मिटलेही नाहीत," काका म्हणाले आणि कितीतरी वेळ मान वळवून बघत राहिले.

डूलॉचं तळं लांबट आणि काळं आहे. रस्ता त्याच्या काठाने जातो आणि पलीकडे म्वीलरेचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. तळ्याच्या उत्तर टोकाला रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. दुष्काळात शेकडो उपाशी माणसं धान्य मिळेल या आशेने ह्या रस्त्याने थंडीपावसात चालत गेली, धान्य नाकारलं गेलं, आणि परतताना त्यातली कित्येक ह्या काठावरच पडली. रणजितने हे काकूंना सांगितलं. पियूषनेच त्याला सांगितलं होतं.

क्रूसाच्या पुढे एकच घर होतं. तिथे मार्टिन राहायचा. मेंढ्या पाळायचा आणि डोंगरात कोणी हरवलं की शोधायला जाणाऱ्या पथकात असायचा. तिसऱ्या दिवशी कड्याखाली पियूष सापडला तो त्यालाच. रणजितने त्याला आधी फोन केला होता. तो फाटकाशी येऊन उभा होता, टोपी हातात. काकूंचा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि त्यांना आत नेलं.

स्वयंपाकघरात मार्टिनची आई ब्रायडी बसली होती, नव्वदीच्या आसपासची. खिडकीशी खुर्ची, खिडकीतून रस्ता, फाटक आणि वर खिंडीपर्यंतची चढण. तिने मार्टिनला चहा ओतायला लावला, बिस्किटं पुढे केली. तिचं इंग्रजी इतकं स्थानिक होतं की काकाकाकूंना शब्द कळेना. रणजित मराठीत सांगत गेला.

"ती म्हणते, तिने त्याला पाहिलं होतं. त्या सकाळी. हात केला त्याने खिडकीकडे."

काकूंनी कप खाली ठेवला. "कसा होता?"

ब्रायडी सांगू लागली. निळं जाकीट, पाठीवर पिशवी, छान हसला. "ग्रँड लॅड," छान पोरगा, ती दोनदा म्हणाली. मग तिने आणखी एक वाक्य उच्चारलं आणि रणजित थांबला.

"काय म्हणाली?" काका.

मार्टिन घाईने मध्ये पडला. "राहू दे, आई." आणि रणजितला हळूच म्हणाला, "तिला ह्या रस्त्यावर नसलेली माणसं दिसतात. लहानपणापासून. तिच्या सांगण्यावरून तो सापडल्यावरही आम्ही एक दिवस जास्त शोधलं. काही नव्हतं."

रणजितला ते गाळता आलं असतं. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"ती म्हणते, दोघं गेले. पियूष पुढे. आणि त्याच्या बराच मागे दुसरा एक."

"दुसरा कोण?"

ब्रायडीला प्रश्न कळला असावा. तिने मान हलवली. बारीक होता, ती म्हणाली. डोक्यावर काही नाही, पाठीवर पिशवी नाही. चालत होता तो पोटात काही नसल्यासारखा. पण पुढच्याला सोडत नव्हता.

रणजितने तेही सांगितलं. ऑक्टोबरात पोलिसांनी त्याला फोन करून विचारलं होतं, तू त्याच्याबरोबर होतास का? तेव्हा त्याला वाटलं होतं, नेहमीचा प्रश्न असेल. ते असं का विचारत होते ते त्याला आज कळलं.

काकांनी टेबलावर नकाशा पसरला. चहाचे कप बाजूला सारले. "आता माझं ऐक, आणि ह्यांना सांग. हे फाटक. आठ वाजून दहा मिनिटांनी तो इथून निघाला. ही चढण, ही खिंड. सव्वादहाला खिंडीत. बरोबर चालला, चांगला चालला. पण त्यानंतर तो तिथंच आहे. सव्वादहा ते पावणेबारा. दीड तास. माझा मुलगा दहा मिनिटं एका जागी बसला नाही कधी. तो दीड तास का बसून राहिला?"

मार्टिन म्हणाला, "धुकं अकराच्या सुमाराला आलं. त्याआधी आभाळ स्वच्छ होतं. तो तेव्हाच उठला असता तर धुकं यायच्या आत शिखर करून उतरायला लागला असता."

"आणि हे बघ," काकांचं बोट पेन्सिलीच्या रेघेवर होतं. "पावणेबाराला उठला, आणि पुढे नाही गेला. मागे खाली उतरू लागला. पण आलेल्या वाटेने नाही. डावीकडे. कड्याच्या बाजूने. चाळीस पावलं. वाट चुकला म्हणावं तर आधी थोडा तरी घुटमळला असता. हा सरळ गेला. कोणी हाक मारावी तसा."

रणजितला खिंड दिसत होती. धुक्यात बसलेला पियूष, आणि खालून, डावीकडून, अस्पष्ट वर येणारं कुणीतरी. पियूष उठून उभा राहिला असेल. त्याला ओळखायला एक क्षणही लागला नसेल, कारण तो एकाच माणसाची वाट बघत होता.

"काका, जरा बाहेर या," तो म्हणाला. "काकू, तुम्हीपण."

बाहेर वारा होता. दगडी बांधाशी तिघं उभे राहिले. रणजितने फोन काढला, सात महिने रोज उघडून बंद केलेलं ते पान उघडलं आणि फोन काकांच्या हातात दिला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं की मला सुट्टी नव्हती. सुट्टी होती. आम्ही दोघं जाणार होतो. तो शुक्रवारीच इकडे येऊन राहिला, मी शनिवारी पहाटे निघणार होतो. सकाळी त्याचा मेसेज आला तेव्हा मी अंथरुणात होतो."

काकांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. काकूंसाठी असेल, किंवा सवयीने. "आठ पाच. 'फाटकाशी आहे. कुठे पोचलास?' आठ सात. 'लिनान आलं. तू चढायला लाग, मी गाठतो.'" ते थांबले. "लिनानला होतास?"

"नाही. घरी. दोन आठवडे रात्रपाळी झाली होती, उठवेना. वाटलं, नंतर सांगू पोट बिघडलं म्हणून. तो जाऊन येईल."

"दहा वीस. 'खिंडीत बसलोय. ये निवांत.'"

"तो मी एक वाजता पाहिला. जाग आल्यावर."

काकांनी फोन परत दिला नाही. खिशातून पेन्सिल काढली, बरोबर आणलेला नकाशा बांधावर धरला आणि खिंडीच्या खुणेपाशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला. वाऱ्याने नकाशाचं टोक फडफडत होतं, ते त्यांनी धरलं नाही.

काकूंनी फोन घेतला. "ये निवांत," त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, त्याच्या बोलण्याच्या ढंगात. मग विचारलं, "झोपला होतास तू?"

"हो, काकू."

"दीड तास बसून राहिला तो तुझ्यासाठी."

"हो."

त्या डोंगराकडे बघत राहिल्या. खिंड उघडी होती, तिच्यात कोवळं ऊन होतं. "मग त्याच्या मागे कोण चाललं होतं?" त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर अथलोनला तो थांबला, तेव्हा काका उतरले, काकू उतरल्या नाहीत. ॲडम्सटाउनला पोचल्यावर त्यांनी पियूषच्या खोलीतले कपडे दोन बॅगांत भरले, उशीचा अभ्रा काढून घडी करून वर ठेवला. रविवारी विमान होतं. रणजितने गाडी काढली. काका म्हणाले, "टॅक्सी सांगितली आहे." ते दारात घुटमळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात, आणि मग बॅग उचलून निघाले.

काकू शेवटी बाहेर आल्या. "मला तुझ्याशी बोलता येत नाही रणजित," त्या म्हणाल्या. "पुढे येईल का, माहीत नाही. तू फोन करू नको. मी करीन."

जून गेला, जुलै, ऑगस्ट गेला. रणजित कामावर जात होता, येत होता. रिकाम्या खोलीचं दार तो लावून घ्यायचा आणि सकाळी ते उघडं सापडायचं. कडी जुनी होती, दार आपोआप सरकत असणार, हे त्याला माहीत होतं. कारखान्याच्या लांब पांढऱ्या कॉरिडॉरमधून चालताना मात्र तो मागे वळून बघू लागला. कोणी नसायचं. मागे येणाऱ्याचं पाऊल नेहमी त्याच्याबरोबरच थांबायचं.

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. कसा आहेस, वगैरे काही नाही.

"तिकडे जाणं होईल तुझं?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"त्या आजीबाईला विचार. तो जो मागून चालला होता, तो पियूषपर्यंत पोचला का? शेवटी माझ्या मुलाजवळ कोणी होतं का? एवढंच विचार."

तो पुढच्याच शनिवारी पहाटे निघाला. ब्रायडी खिडकीशी होती, मे महिन्यापेक्षा बारीक झालेली, पण तिने त्याला ओळखलं. त्याने विचारलं. तिने खूप वेळ विचार केला, आठवायचा खरंच प्रयत्न केला.

"नाही रे," ती म्हणाली. "पुढचा खिंडीत जाऊन बसला तोवर दिसत होते दोघं. मग धुकं उतरलं, पार ह्या काचेपर्यंत. त्यानंतर मला काही दिसलं नाही."

तो बाहेर आला. दरीत फोन लागत नव्हता, मेसेज तेवढे जायचे. लिनानपर्यंत गाडी चालवताना त्याच्या मनात काकूंना सांगायचं वाक्य तयार होत होतं. हो, पोचला. हात धरला त्याने. एवढं म्हटलं असतं तर एका बाईला आज रात्री झोप लागली असती, आणि खरंखोटं कोण बघायला येणार होतं? लिनानला, समुद्राच्या कठड्याशी, त्याने गाडी उभी केली आणि नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"विचारलंस?"

"विचारलं, काकू. तिला दिसलं नाही. धुकं आलं होतं. तो पोचला की नाही, तिला माहीत नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. नागपूरला अजून उकडत असणार.

"बरं," काकू म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. ढगांखाली पाणी काळं होत चाललं होतं, पलीकडच्या उतारावरून एक मेंढी ओरडत होती, आणि तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.