बापूंची चूळ

पिंप्राळ्यातल्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर सायकलींची रांग आणि आत हेल्मेट काखेत धरून बसलेले बँकवाले, दुकानदार, वकील. मंचावर भगव्या रंगाची सायकलची जर्सी घातलेले योगराज बापू. बापूंना असं तंग कपड्यांत मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अन्न म्हणजे ओझं," बापू सांगत होते. "पोट भरतो तो चढावर थांबतो. प्राण भरतो तो चढ गिळतो."

शेजारी स्टँडवर लावलेल्या सायकलवर आमच्या सायकल ग्रुपचा प्रमुख किरण पाय मारत होता. आदल्या दिवसापासून उपाशी, घामाघूम, मान खाली गेलेली. बापूंनी त्याच्या तोंडात आश्रमाच्या झऱ्याचं 'प्राणजल' ओतलं. किरणने खळखळून चूळ भरली आणि पितळी तस्तात थुंकली. जरा वेळाने त्याचे पाय खरंच जोरात फिरू लागले. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू?

तस्त सगळ्यांसमोरून फिरवलं गेलं. "पोटात थेंब गेला का?" बापूंनी विचारलं. "नाही," अख्खं सभागृह म्हणालं.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. उठून सरळ म्हटलं, "बापू, यात ग्लुकोज आहे."

बापू जणू याचीच वाट पाहत होते. "चाखून बघा ना, ताई." चाखलं. गोड नव्हतं. मग त्यांनी झोळीतून साखर तपासायचं यंत्र काढलं आणि मधुमेही कोण आहे ते विचारलं. उठले कोण, तर माझेच यजमान, ज्ञानेश्वर. चूळ भरण्याआधी बोट टोचलं, थुंकल्यावर थोडं थांबून पुन्हा टोचलं. आकडा जागचा हलला नव्हता.

"साखर असती तर साखर वाढली असती की नाही, मॅडम?"

लोक खो खो हसले. मी खाली बसले. घरी जाताना हे मात्र नुसते उजळून निघाले होते.

ज्ञानेश्वरांनी सायकल धरली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि तिचा गुणही आला होता. पण बापू भेटले आणि सगळं बिनसलं. उपाशी निघायचं आणि आल्यावरही संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठडा धरायचे. "स्नायू रिकामे झालेत, त्यांना भाकरी हवी," मी म्हणायचे. "पापं जळतायत, वेळ लागतोच," हे म्हणायचे. बापूंकडे थकव्यालासुद्धा पुण्याचं लेबल होतं.

पुढची राइड यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, बापूंच्या आश्रमापर्यंत होती. बापूंचा हुकूम होता, गोळ्या सोडा आणि उपाशी या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी सोडायची नाही आणि ती घेतल्यावर उपाशी तर मुळीच राहायचं नाही. मी भांडून भांडून घसा बसवून घेतला. शेवटी ज्ञानेश्वर म्हणाले, "बरं बाई, तुझं ऐकतो."

त्या सकाळी ते गेल्यावर स्वयंपाकघरात आले. गोळीच्या पाकिटातली एक गोळी कमी होती. बरं वाटलं. मग ताटाखाली झाकलेले पोहे दिसले, जसेच्या तसे. या भल्या माणसाने दोघांचंही मन राखलं होतं. बायकोसाठी गोळी घेतली होती आणि बापूंसाठी उपास धरला होता.

फोन लागेना. स्कूटर काढली आणि सुटले. यावल मागे पडलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. वाटेत भेटेल त्या सायकलवाल्याला विचारत होते. "पुढे आहेत, वहिनी," एवढंच ऐकू यायचं.

वळणावर सायकल आडवी पडलेली दिसली. ज्ञानेश्वर बांधावर बसले होते. अंगावरचा कपडा न् कपडा भिजलेला, हात थरथरत होते, नजर माझ्यातून आरपार जात होती. आणि ते चुळा भरत होते. प्राणजलाची बाटली तोंडाला लावायची, खळखळवायचं, थुंकायचं. इतक्या इमानाने की एक थेंब गिळला नसेल. किरण शेजारी उभा होता. "चूळ चालू आहे, वहिनी. येईल ताकद आता."

"किरणभाऊ, त्यांनी साखर उतरवायची गोळी घेतलीय. साखर पार तळाला गेलीय. बाजूला व्हा."

घाईत मी घरातून चिमूटभर साखरसुद्धा आणली नव्हती. बागेत केळीचे घड कापणारी माणसं चहाला बसली होती. त्यांच्याकडे धावले. भिकुबाई नावाच्या एका बाईने काही न विचारता गुळाचा खडा कपात विरघळवला आणि माझ्यामागे आली.

ज्ञानेश्वरांनी दात घट्ट मिटले. "व्रत... मोडेल."

"हाऊ भाऊ सकायपासून उपाशी शे का?" भिकुबाईने विचारलं. मी मान हलवली. तिने त्यांच्या हनुवटीला हात लावला. "पी ले, भाऊ. देवले मी सांगसू."

बायकोपुढे जे तोंड उघडलं नाही, ते तिच्यापुढे उघडलं. एक घोट गेला, मग दुसरा. मी त्यांचा हात धरून बसले. वेळ सरता सरेना. शेवटी बोटांची थरथर मंदावली आणि ते माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "नूतन, तू इथे कधी आलीस?" तेव्हा मला रडू फुटलं. मग भिकुबाईने आणलेली पिकली केळी त्यांना एकामागून एक भरवली, आणि उरलेला गूळ तिने त्यांच्या खिशात घातला.

यावलच्या डॉक्टरांनी तपासलं, पोटभर जेवू घातलं आणि बराच वेळ नजरेखाली ठेवलं. या गोळीने साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून खात राहा असं बजावलं. मला घर गाठायचं होतं. पण ज्ञानेश्वर म्हणाले, "वर जायचं. बाकीचे अजून उपाशी आहेत."

आश्रमाच्या मंडपात सगळी राइड पाय पसरून बसली होती. बापू म्हणाले, "बघा, प्राणजलाने माणूस परत आला."

"गुळाने आला," ज्ञानेश्वर म्हणाले. "आणि गिळलेल्या गुळाने."

मी तडक स्वयंपाकघरात शिरले. दोन पेटत्या शेगड्या आणि दोन तवे मंडपात आणवले. एकावर आश्रमाच्या नळाचं, म्हणजे झऱ्याचंच पाणी ओतलं. दुसऱ्यावर यजमानांच्या बाटलीतलं प्राणजल. लोक उठून भोवती उभे राहिले. नळाचं पाणी उडून गेलं, मागे पांढुरका डाग राहिला. प्राणजल आटत आटत चिकट झालं, पिवळं पडलं, तपकिरी झालं, आणि जळक्या साखरेसारखा वास मंडपभर पसरला.

"तवा जळाला, ताई. श्रद्धा जळत नाही," बापू म्हणाले.

"ही माल्टोडेक्स्ट्रिनची भुकटी असणार. मक्याच्या स्टार्चपासून करतात, जिमवाल्यांकडे सर्रास मिळते. साखरेचंच भावंड, पण जिभेला गोड लागत नाही. म्हणून त्या दिवशी मी फसले."

किरण पुढे आला. "पण वहिनी, मी तर थुंकलं होतं. आणि पाय चालले होते. ते नाटक नव्हतं."

प्रश्न रास्त होता. "नव्हतंच," मी म्हटलं. "तोंडाला पिष्ट पदार्थाची ओळख पटते, गोड लागो न लागो. तोंड मेंदूला कळवतं की जेवण येतंय. मेंदू थोडा वेळ लगाम सैल सोडतो. सायकलवाल्यांवरच याचे प्रयोग झालेत. उपाशी माणसात, तासाभराच्या जोरात फरक दिसतो. पण जेवण येतच नाही. रक्तात काहीच पोचत नाही, म्हणून बापूंच्या यंत्रात आकडा हलला नाही. तो त्यांनी पुरावा म्हणून दाखवला आणि आपण टाळ्या वाजवल्या. खरं तर तो धोक्याचा इशारा होता."

बापू उठून आत जाऊ लागले. किरणने त्यांचा रस्ता अडवला. अडवून तो बापूंशी बोललाच नाही, आमच्याकडे वळला.

"साखरेची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन आज उपाशी कोण आलंय? खरं सांगा."

मग मागून एक हात वर झाला. मग एका वकिलाचा. मग एकामागून एक, ज्यांच्या घरी हे माहीतही नव्हतं त्यांचेही. शेवटचा हात मंडपाच्या खांबाशी उभ्या असलेल्या बापूंच्या सेवेकऱ्याचा होता. त्याचे पाय लटपटत होते.

"आधी त्याला," ज्ञानेश्वर म्हणाले, आणि खिशातला उरलेला गूळ घेऊन त्याच्याकडे निघाले.

चमत्कार दिसला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण त्याच्या भरवशावर औषध सोडण्याआधी, जेवण सोडण्याआधी, एवढं विचारा, की हे कसं झालं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. त्या मंडपातल्या एकानेही हा प्रश्न आधी विचारला असता, तर इतके हात वर झाले नसते.